आठवी काच

"नऊ दिवसांपूर्वीचा पेपर आहे हा, बाबा. नऊ!"

"ओरडू नकोस. पेपर वाचायला चष्मा लागतो, घसा नाही."

"आणि यात गुंडाळलंय काय?"

"काच."

"काच आहे ते दिसतंय मला. कुठली काच?"

"तुला चहाची पत्ती शोधायला सांगितली होती. माझं कपाट उपसायला नाही."

"पत्तीच शोधत होते! बिस्किटांच्या डब्यात पत्ती नसते, बिस्किटंही नसतात, काचेच्या सहा पुड्या असतात, हे मला काय स्वप्न पडणार होतं?"

मिस्त्रींनी स्वतःच पत्ती काढून आधणात टाकली आणि गॅस बारीक केला. थापी खाली ठेवून पंधरा वर्षं होऊन गेली होती, पण सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. लेक आदल्या दुपारच्या गाडीने आली होती, दोन दिवसांसाठी, दोन महिने पुरेल एवढा खाऊ आणि चार महिने पुरतील एवढ्या सूचना घेऊन. आता ती आईच्या टेबलाशी उभी होती. समोर डबा उघडा, आणि एकेक पुडी सोडून ठेवलेली. प्रत्येक पुडीत वीतभर लांबीच्या, दोन बोटं रुंद पट्टीचे दोन तुकडे. प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यात लाल मेणपेन्सिलीने लिहिलेला आकडा. एक, दोन, तीन, सहापर्यंत.

"हे आईचं अक्षर आहे," लेक म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "भिंतीवरची काच ना ही?"

मिस्त्री कपबश्या मांडत राहिले.

"म्हणजे तुटली. आणि तुम्ही दुसरी लावलीत."

"लावली."

"सहा वेळा."

"मोजल्यास ना तू? मग मला कशाला विचारतेस?"

"आणि वहीत काय लिहिलंत?"

"काच शाबूत."

"बाबा!"

"शाबूतच होती! आधी नवी बसवायची, मग वही उघडायची. एक अक्षर खोटं नाही लिहिलेलं."

"अहो, हे म्हणजे ताप आला की थर्मामीटर झटकून ठेवायचा आणि म्हणायचं, बघा, पारा कसा खाली आहे!"

"तुझं आपलं एकच टुमणं. मला इथून हलवायचं. मागच्या खेपेला माझे गुडघे सापडले होते. त्याआधी जिना. आता काच सापडली."

"तुम्हाला हलवायचं म्हणून भिंतीला भेग मी पाडली का?"

"चहा घे. निवतोय."

"या ओळीत बारा घरं आहेत, बाबा. एक्केचाळीस माणसं. त्या बघा, शेजारच्या काकू उशा वाळत घालतायत. जाऊन सांगू त्यांना?"

"सांग की."

"नाही सांगणार. ते तुम्ही सांगायचं. अकरा वाजता इंजिनिअर येतेय ना? तिला सांगायचं."

मिस्त्रींनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि न पिता तसाच ठेवला.

*

ती भिंत म्हणजे तसा बंधाराच, पण सगळे तिला भिंतच म्हणत. घरांच्या मागे डोंगराची घळ होती, आणि घळीच्या तोंडाशी दोन्ही कड्यांना खांदे टेकवून दगड-सिमेंटची ती उभी होती. चार माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढली तर वरच्याचं डोकं तिच्या वर निघेल, एवढी उंच. ती पाणी अडवायला बांधलेलीच नव्हती. पोटात निचऱ्याची भोकं होती, माथ्यावर मध्यभागी सांडवा होता. पाण्याने निघून जायचं. मोठ्या पावसात डोंगर सुटून जे दगड, झाडं, चिखल खाली झेपावतात, त्यांनी मागे थांबायचं. ती बांधणाऱ्या टोळीत मिस्त्री होते. तेव्हा मिशी काळी होती आणि लग्न नवं होतं.

"म्हणजे चहाची गाळणी," बायको म्हणाली होती, पहिल्यांदा बघायला आली तेव्हा.

"गाळणी काय? एवढं मोठं काम आहे ते."

"मोठी गाळणी. पण काय हो, गाळणी भरली की झटकावी लागते. ही कोण झटकणार?"

"येतील ना वरून माणसं, यंत्रं घेऊन."

"आणि नाही आली तर?"

हा प्रश्न तिने भिंतीकडे बघून विचारला होता. मिस्त्री तिच्याकडे बघत होते.

ती फ्रेमवाली होती. लोकांचे लग्नाचे, बारशाचे, गेलेल्या माणसांचे फोटो तिच्याकडे येत. पुढच्या खोलीत खिडकीखाली तिचं टेबल, वर जुनी घोंगडी ताणून ठोकलेली, काचेला ओरखडा पडू नये म्हणून. हातात काच कापायचा हिरा. पट्टी ठेवायची, हिरा एकदाच ओढायचा, कर्रर्र, आणि मग टेबलाच्या कडेवर अलगद दाबायचं. काच सरळ रेषेत दोन व्हायची. "काच कापत नाहीत हो," ती सांगायची. "तिला फक्त सांगायचं, बाई, इथून. बाकी तिचं ती बघते." बघायला आलेलं माणूस श्वास धरून बसायचं. मिस्त्री तर रोजच धरायचे.

पुढे हातात थापी धरवेना, तेव्हा त्यांना भिंतीवर राखणदार नेमलं. आठवड्यातून दोन फेऱ्या, भोकांतला पाला काढायचा, मागचा गाळ कुठवर आला ते बघायचं, वहीत लिहायचं. पण भेग त्याआधीची. एकोणीस वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा दिसली, सांडव्याच्या डाव्या अंगाला, खाली छातीच्या उंचीवर, तिरपी. तेव्हा एक काटकुळे इंजिनिअर आले होते. त्यांनी भेगेवर नख फिरवलं आणि विचारलं, "इथे काचवाला कोण आहे?"

"काचवाली आहे," मिस्त्री म्हणाले, आणि कॉलर ताठ करून तिला घेऊन आले.

"बाई, मला एक पातळ पट्टी हवी," इंजिनिअर म्हणाले. "भेगेवर आडवी बसवायची. दोन्ही टोकं सिमेंटच्या गोळ्यात पक्की."

"किती वर्षं टिकायला हवी?"

"टिकायला नकोय. तुटायला हवीय. भिंत केसभर जरी हलली तरी ही तुटली पाहिजे. तुटली की मला कळवायचं."

बायको हसली ती हसतच सुटली. "घ्या! जन्मभर काच तुटू नये म्हणून जीव टांगणीला, आणि आता तुटावी म्हणून कापायची!" तिने घरातली सगळ्यांत पातळ काच काढली. एक सांगितली होती, हिने आठ कापल्या. "एक तुटली की धावत याल, अगं दुसरी दे, तिसरी दे. एकदाच घेऊन ठेवा." सगळ्यांवर आकडे घातले. पहिली मात्र स्वतः बसवली. मिस्त्रींनी सिमेंटचा गोळा थापला, तिने काच धरली आणि डाव्या गोळ्यावर अंगठा दाबून म्हणाली, "झाली सही."

अंगठा तिथेच राहिला, रेषारेषांसकट.

पाच वर्षांनी ती गेली. आजार फार लांबला नाही, एवढंच त्यात बरं. नंतरचे दोन पावसाळे मिस्त्री भिंतीच्या फेऱ्या करत राहिले. फेरी संपली की डाव्या गोळ्यापाशी थांबायचे. त्यांचा अंगठा त्या खळग्यात मावत नसे, करंगळीशेजारचं बोट बसायचं. ते टेकवायचे, एक क्षणभर, आणि घरी यायचे.

मग एका सकाळी काच तुटलेली दिसली.

कळवायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कळवलं तर काय होईल, तेही. माणसं येतील, हातोडे येतील, गोळा उडवतील. घरांची ओळ खाली करा म्हणतील. खिडकीखालचं टेबल कुठल्यातरी गोदामात उभं राहील. त्यांनी स्वतःला समजावलं की बकरीचं शिंग लागलं असेल. एवढ्या उंचीवर बकरी कशी पोचली, हे मात्र विचारलं नाही. घरून दोन नंबरची पट्टी आणली, बारीक छिन्नीने जुने तुकडे काढले, अंगठ्याला धक्का लागू दिला नाही, आणि नवी बोटानेच सिमेंट भरून बसवली. तुटलेले तुकडे टाकवेनात. तिचा हात फिरला होता त्यांच्यावर. त्या दिवसाच्या पेपरात गुंडाळून डब्यात ठेवले.

माणूस एकदा डोळ्यांवर कातडं ओढून घेतो ना, मग ते पापण्यांसारखंच वाटायला लागतं.

*

इंजिनिअर पावणेअकरालाच आली. तिशीची असेल. हेल्मेटखालून घामाच्या धारा, पाठीवर दप्तर, आणि बरोबर गाडी चालवणारा एक बडबड्या माणूस, त्याला तिने सावलीत बसवून ठेवलं.

"मिस्त्रीकाका ना? तुमच्या वह्या वाचल्यात मी सगळ्या. मोत्यासारखं अक्षर आहे."

"आमच्या हिने शिकवलं."

"आणि या?"

"लेक," लेक म्हणाली. तिच्या हातात कापडी पिशवी होती. पिशवीत बिस्किटांचा डबा. घळ चढताना डबा खुळखुळत होता आणि दर खुळखुळीला मिस्त्रींचं एक पाऊल आखूड पडत होतं.

इंजिनिअर भिंतीच्या माथ्यावर गेली, मागे वाकून बघितलं. भिंतीमागे घळ राहिलीच नव्हती. दगड, वाळलेले बुंधे, भेगाळलेला चिखल, सगळं सांडव्याच्या हातभर खालपर्यंत येऊन बसलं होतं. पंधरवड्यापूर्वी तीन दिवस अवकाळी पाऊस झाला होता, त्याची ओल अजून वास देत होती.

"गच्च भरलंय," ती म्हणाली. "शेवटचा उपसा कधी झाला?"

"सात वर्षं झाली."

"यंत्र एकच आहे, काका, आणि बंधारे चार. यंदा एकाचाच उपसा होईल पावसाआधी. ज्याची भिंत कच्ची, त्याचा." ती खाली उतरली, भिंतीवर छोटी हातोडी टकटक वाजवत, कान लावत, भेगेपाशी आली. "ही बघा. हिच्यामुळेच मला काळजी होती. पण काच शाबूत आहे."

सावलीतला गाडीवाला कुणाला तरी फोनवर सांगत होता, "दहा मिनिटांत निघतो."

"एकोणीस वर्षं!" इंजिनिअर काचेकडे अगदी जवळून बघत म्हणाली. "मी शिकले ना, तेव्हा सर सांगायचे, एवढी वर्षं टिकलेली काच म्हणजे भेग मेलेली. घाबरायचं कारण नाही. मग आपण इथला उपसा पुढच्या वर्षी ठेवला तरी चालेल." तिने वही उघडली. मग तिची नजर डाव्या गोळ्यावर गेली. "अरे! अंगठा आहे इथे. कुणाचा?"

"आमच्या हिचा."

"त्यांनी बसवली ही काच?"

लेकीने पिशवीचे बंद घट्ट धरले. मिस्त्रींना वाटलं, ती आता बोलेल. बोलली असती तर किती सोपं झालं असतं. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. भिंतीकडे बघत होती, थेट आईसारखी.

"काय सुंदर हात आहे हो," इंजिनिअर म्हणाली. "वहीत लिहून ठेवते. एकोणीस वर्षं टिकली, म्हणजे किती नीट—"

"टिकायला नव्हती कापली," मिस्त्री म्हणाले.

"काय?"

"तुटायला कापली होती तिने. ती आपलं काम चोख करत होती. मीच मध्ये आलो." शब्द एकामागून एक येत राहिले. "मॅडम, ही सातवी आहे. तो कोपऱ्यातला आकडा बघा, सिमेंटच्या कडेला. सहा तुटल्या. मी बदलल्या. तिच्या नावावर काही लिहू नका. तिने शाबूत म्हटलं नव्हतं. ते मी म्हटलं."

लेकीने डबा काढून दिला.

इंजिनिअर खाली दगडावर बसली. तिने पुड्या एकेक करून सोडल्या, पेपरवरची तारीख वाचली, तुकडे समोर मांडले. कपाळावरची शीर हळूहळू वर येत गेली.

"पहिली बारा वर्षांपूर्वी. दुसरी पाच वर्षांनी. मग तीन. मग दोन. मग चौदा महिने. मग दहा." तिने सहावी पुडी पुन्हा उचलली. "म्हणजे ही शेवटची, नऊ दिवसांपूर्वी. काका, ही मेलेली भेग नाहीये. ही चालत येतेय, आणि दर वेळी पावलं भराभर टाकतेय."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तारखा होत्या माझ्याकडे. लावून बघितल्या नव्हत्या. बघायच्या नव्हत्या मला."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. रागावली होती, आणि तरी पेपरच्या घड्या मोडू नयेत अशा बेताने पुड्या परत बांधत होती. "हे मला लिहावं लागेल. तुमचं नाव येईल त्यात. राखणदारी जाईल."

"येऊ द्या. जाऊ द्या."

"पण हे तुम्ही आज बोलला नसतात तर यंत्र दुसरीकडे गेलं असतं." तिने फोन लावला. "ओळ आज संध्याकाळच्या आत खाली करायची. हो, आजच. बाराही घरं. शाळेच्या खोल्या उघडून घ्या. आणि यंत्र इकडे वळवा."

फोन ठेवल्यावर मिस्त्रींनी हळूच विचारलं, "तो एवढा गोळा... छिन्नीने अलगद काढता येईल का? मी स्वतः काढतो. वेळ नाही लावणार."

तिला आधी कळलं नाही. मग ती अंगठ्याकडे बघून म्हणाली, "आता या भिंतीला छिन्नी नको, काका. एक ठोकाही नको."

मिस्त्रींनी मान हलवली. मग बोट टेकवलं, खळग्यात, करंगळीशेजारचं. उन्हाने सिमेंट गरम झालं होतं. त्यांना वाटलं, नुकताच कुणीतरी हात उचललाय.

"मोजणीचं यंत्र यायला चार दिवस लागतील," इंजिनिअर पलीकडे बघत म्हणाली. "भेग खाली उतरलीय, इथे, गुडघ्याजवळ. इथे काहीतरी हवं होतं मला. काचेची पट्टी वगैरे. कुठे मिळेल?"

"आठवी आहे घरी," मिस्त्री म्हणाले.

*

ओळीत एकच गोंधळ उडाला होता. कुणी गाद्या ओढत होतं, कुणी कोंबड्यांच्या मागे धावत होतं. शेजारच्या काकू दारातच उभ्या होत्या, हातात दोन उशा.

"मिस्त्री, खरं का हो हे? आणि तुम्हाला ठाऊक होतं म्हणे?"

"ठाऊक होतं, वहिनी."

काकूंनी उशा छातीशी धरल्या. "बारा वर्षं माझ्याकडून ताक नेताय," त्या म्हणाल्या, "आणि एकदाही सांगावंसं वाटलं नाही?" उशा काखेत मारून त्या निघाल्या. चार पावलांवर थांबल्या, आणि मागे न बघता ओरडल्या, "तुमच्या गुडघ्याचं तेल माझ्या कपाटात आहे. घेतलंय मी."

घरात लेकीने दोन ट्रंका भरल्या होत्या. फोटो उतरवले होते. त्यांच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन राहिले होते. टेबलावरची घोंगडी तिने सोडवायला घेतली होती, पण खिळे हाताला येत नव्हते.

"राहू दे ते," मिस्त्री म्हणाले.

"राहू दे कसं? टेम्पोवाला म्हणतोय, टेबलाला जागा करतो. पाय काढले तर मावेल." तिने डोळे मनगटाने पुसले. "मला आठवतंय, मी याच्याखाली बसायचे. आई वरून विचारायची, कोण आहे गं खाली? आणि मी म्हणायचे, कोणी नाही."

"आणि ती म्हणायची, मग कोणी नाही, जरा तो हिरा दे."

लेक हसली. मग हसता हसता तिचा चेहराच फिरला. "सकाळी मी फार बोलले."

"बरोबर बोललीस."

"रागावले होते. अजून आहे. पण बाबा, माझ्याकडे चला. हट्ट म्हणून नाही म्हणत. शाळेच्या खोलीत किती दिवस राहणार? खिडकी आहे माझ्याकडे, पूर्वेची. टेबल तिच्याखाली लावू. ऊन येतं सकाळचं."

मिस्त्रींनी टेबलाचा खण उघडला. हिरा होता, मेणपेन्सिलीचं थोटूक होतं, आणि मऊ कापडात गुंडाळलेली ती एक पट्टी. त्यांनी कापड सोडलं. कोपऱ्यात आठ. आकड्याचं वरचं वर्तुळ जरा मोठं, खालचं लहान, ती घाईत असली की असंच काढायची.

त्यांनी काच पुसली. उजेडात धरून एकदा आरपार बघितलं. पलीकडे खिडकी, खिडकीपलीकडे उतारावर चाललेली माणसं, डोक्यावर गाद्या. कोनाड्यातून थापी काढली. पंधरा वर्षं पडून तिची मूठ चिकट झाली होती. घमेल्यात मूठभर सिमेंट घेतलं.

"बाबा? मी काय म्हणतेय? येताय ना?"

त्यांनी घमेलं काखेत मारलं, काच दोन्ही हातांत धरली, आडवी, ती धरायची तशी. उंबरठ्याशी थोडे थांबल्यासारखे झाले.

"निदान सांगा तरी! ही तुटली तर कळवाल ना?"

चपला दारातच होत्या. मिस्त्रींनी त्यात पाय घातले आणि घळीची वाट धरली.